नव्या गिटार कॅबिनेटची खरखर : दाबली की थांबते, आठवड्याने परत येते

घरी बांधलेल्या, एका १२ इंची स्पीकरच्या कॅबिनेटबद्दलचं नेहमीचं गाऱ्हाणं असं असतं. खालच्या ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी वाजवला की सुराच्या पोटात 'खर्रर्र' मिसळतं. मागची फळी तळव्याने दाबली की थांबतं. स्क्रू आवळले की आठवडाभर शांत, मग पुन्हा तेच. आणि कोणीतरी सांगतं, स्पीकर नवा आहे, अजून मोकळा झालेला नाही, पन्नास तास वाजवा, आपोआप जाईल.

हा सल्ला ऐकू नका. स्पीकर मोकळा झाल्याने कर्कशपणा कमी होतो, खरखर जात नाही. पहिल्या तासाला खरखर असेल तर पन्नासाव्या तासालाही ती असणार. त्यातून स्पीकरच्या आत वर-खाली होणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइलच घासत असेल तर या पन्नास तासांत तिच्या तारेवरचं इनॅमल खरवडलं जातं आणि स्पीकर दुकानात बदलून घ्यायचे दिवसही हातचे जातात.

म्हणून आधी आपली तक्रार नेमकी कोणती ते ओळखा. वरचे सूर कानाला बोचतात, पाम म्यूट केल्यावर (तळव्याची कड तारांवर टेकवून वाजवल्यावर) गुबगुबीत 'धुम'ऐवजी कोरडा 'टक' येतो, खालचा आवाज आखडलेला वाटतो, पण हे सगळ्या सुरांवर सारखंच आहे, तर तो नवेपणाचा कर्कशपणा. एखाद-दुसऱ्या सुरावरच काहीतरी थरथरतं, खडखडतं, घासतं, तर ती खरखर. तिला कारण असतं, जागा असते, आणि ती जागा सापडेपर्यंत पाना हातात घ्यायचा नाही. सापडायच्या आधी सगळे स्क्रू आवळून टाकले तर आवाज तात्पुरता दबतो आणि खरं कारण झाकलं जातं. 'परत येते' या तक्रारीचं अर्ध्याहून जास्त मूळ तिथेच आहे.

जागा कशी पकडायची

गिटारने शोधू नका. गिटारच्या स्वतःच्या तारा फ्रेटवर खरखरतात, मानेच्या टोकाच्या नटच्या खाचेत झिणझिणतात, शिवाय सूर लगेच विरतो. फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही अ‍ॅप घ्या, साइन वेव्ह निवडा आणि फोनच्या डाव्या-उजव्यापैकी एकाच चॅनेलची वायर जोडलेल्या लीडने अँपच्या इनपुटला द्या. अँप क्लीनवर, रिव्हर्ब बंद, आवाज आपण समोरासमोर बोलतो तेवढाच. ६० हर्ट्‌झपासून ५०० पर्यंत सावकाश वर जा. खरखर आली की तिथेच थांबून एकेक हर्ट्‌झ मागे-पुढे करा आणि जिथे ती सगळ्यात ठळक होते तो आकडा लिहून ठेवा. मोकळी ई तार ८२.४ हर्ट्‌झ, तिसऱ्या फ्रेटचा जी ९८, मोकळी ए ११०. बहुतेक तक्रारी याच पट्ट्यात निघतात, कारण मोठ्या फळ्या इथेच हलतात. २०० च्या वर खरखर निघाली तर आधी हँडल, जॅकची पत्री आणि जाळीची चौकट यांच्यावर संशय घ्या.

हे करण्याआधी कॅबिनेट खोलीच्या मध्यभागी घडी केलेल्या सतरंजीवर ठेवा. स्टीलचं कपाट, अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग खिडकी, शोकेसची काच या तिन्ही वस्तू शंभर हर्ट्‌झच्या आसपास सुरेख खडखडतात आणि तो आवाज हुबेहूब कॅबिनेटमधून आल्यासारखा वाटतो. पुण्याच्या फ्लॅटमधल्या दहा बाय दहाच्या खोलीत हे तिन्ही स्पीकरपासून हातभर अंतरावर असतात.

आता तो टोन चालू ठेवून अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचा दोन फुटी तुकडा घ्या. एक टोक कानाजवळ धरा आणि दुसरं कॅबिनेटच्या सांध्यांवरून, स्क्रूंवरून, जॅकवरून फिरवत न्या. खरखरीच्या जागेवर आल्यावर आवाज एकदम कानात शिरल्यासारखा होतो. नुसत्या कानाने 'खाली डावीकडे कुठेतरी' एवढंच कळतं. पाइपने 'मागच्या फळीचा वरून तिसरा स्क्रू' इतकं नेमकं कळतं.

पाइपने स्पीकरकडे बोट दाखवलं तर एक निर्णायक चाचणी आहे. स्पीकरचे चारही बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल करा आणि तोच टोन पुन्हा लावा. खरखर गेली, तर स्पीकर चांगला आहे, तो चुकीचा बसवलाय. गेली नाही, तर स्पीकर बाहेर काढा, मॅग्नेटला धरून हवेत उभा ठेवा आणि पुन्हा वाजवा. तरीही खरखरतोय, तर दोष स्पीकरमध्ये.

बोल्ट सैल केल्यावर खरखर गेली, म्हणजे काय झालं होतं

गिटारच्या बऱ्याच स्पीकरची फ्रेम दाबून घडवलेल्या पत्र्याची असते. बॅफल, म्हणजे स्पीकर जिच्यावर बसतो ती पुढची फळी, जराशी वाकडी असेल किंवा एक बोल्ट आधीच गच्च आवळला आणि मग बाकीचे, तर ही फ्रेम पिळली जाते. मॅग्नेटच्या ज्या फटीत कॉइल वर-खाली होते, तिथे कॉइलच्या दोन्ही अंगांना केसाएवढीच जागा असते. फ्रेम पिळली की कॉइल कडेला लागते. बाहेरून काही दिसत नाही.

यावर उपाय बॅफलपासून सुरू करावा लागतो. स्पीकर काढा आणि भोकाच्या कडेवर स्टीलची सरळ पट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवून पलीकडून टॉर्च मारा. पट्टीखालून उजेड आला तर फळी तिथे खोल आहे. जिगसॉने भोक कापताना वरच्या थरातून उडालेल्या काड्या आणि टी-नटच्या (दात लाकडात रुतवून बसणाऱ्या, बोल्ट घेणाऱ्या नटच्या) भोकाभोवतीचे उंचवटे पॉलिश पेपरने साफ करा. तरी फट उरली तर ३ मिमी जाडीच्या इव्हा (EVA) फोमची रिंग कापून मध्ये घाला.

मग बोल्ट. चारही बोल्ट नुसत्या बोटांनी टेकवा. त्यानंतर समोरासमोरच्या जोड्या घेत प्रत्येकाला पाव फेरा द्या, आणि अशा दोन फेऱ्या करा. बस. बोल्टखाली चपटा वायसर आणि स्प्रिंग वायसर दोन्ही हवेत. स्पीकरच्या कडेचं मऊ गास्केट चेपेपर्यंत आवळायचं नाही. बोल्टने फक्त धरून ठेवायचं असतं.

१२ इंची स्पीकरचे साधारण आकडे असे: भोक २८३ मिमी, बोल्टच्या वर्तुळाचा व्यास २९७ मिमी, बोल्ट एम ५. सेलेशन कंपनीच्या व्हिंटेज ३० या स्पीकरला हेच लागतात. तुमच्या स्पीकरच्या कागदावर वेगळं असेल तर कागद खरा. स्पीकर बॅफलच्या मागून बसवत असाल तर टी-नट बॅफलच्या पुढच्या अंगाला, म्हणजे बोल्ट त्याला लाकडात ओढून घेतो. त्यासाठी साडेसहा मिमीचं भोक पाडा. हातोडीने ठोकला तर टी-नट तिरका बसतो, त्याचे दात प्लायचा वरचा थर फाडतात आणि सहा महिन्यांनी तो जागच्या जागी फिरायला लागतो. मागून लांब बोल्ट आणि मोठा वायसर लावून पान्याने सावकाश ओढून बसवा आणि कडेला अराल्डाइटचा ठिपका द्या. आट्यात मात्र थेंबही जाऊ देऊ नका. १८ मिमीच्या बॅफलला ३० मिमी लांबीचा बोल्ट पुरतो. ४० चा लावला तर त्याचं टोक पुढे येऊन जाळीच्या कापडाला टेकतं आणि कापड त्यावर टकटकतं. ही खरखर शोधायला फार वेळ लागतो, कारण कोणी पुढून बघतच नाही. आठ भोकं पाडून चारच बोल्ट लावले असतील तर उरलेले रिकामे टी-नटही किणकिणतात. ते काढून टाका.

आणि एक कळकळीची विनंती. ड्रिल, जिगसॉ, पॉलिश पेपर यांचं सगळं काम संपून खोली झाडून होईपर्यंत स्पीकर खोक्यातून काढू नका. टी-नटच्या आट्यातला लोखंडाचा एक कीस मॅग्नेटने ओढला आणि फटीत गेला, तर तो घरी निघत नाही.

फळी दाबल्यावर थांबते, पण परत येते

आता मूळ तक्रार. बंद पाठीचं, बाहेरून ५१० रुंद, ४६० उंच आणि २८० मिमी खोल असं कॅबिनेट धरू. १८ मिमी प्लाय, बॅफल पुढच्या कडेपासून २० मिमी आत, मागची फळी १२ मिमीची. आतली जागा सुमारे ४६ लिटर होते, एका १२ इंची स्पीकरला ती छान पुरते. ८ बाय ४ च्या एका शीटमध्ये अशी दोन कॅबिनेट आरामात निघतात. यात मागची फळी ४७४ बाय ४२४ ची, आणि तिला मध्ये आधार नसेल तर ती डफाच्या कातड्यासारखी हलते. कडेच्या स्क्रूंवर तोच ताण रोज पडतो आणि ते सैल होतात. आवळणं हा उपाय नाही. फळीचं हलणं थांबवा.

फळीच्या आतल्या बाजूने १८ बाय ४० मिमीची पट्टी उभी, तिची ४० ची बाजू आतल्या दिशेला करून, फेविकॉलने चिकटवा आणि बाहेरून तीन स्क्रू द्या. पट्टी बरोबर मध्यावर नको, ४०-५० मिमी बाजूला. मध्यावर लावली तर दोन सारखेच अर्धे भाग तयार होतात आणि दोन्ही एकाच सुरावर हलतात. मॅग्नेटला लागेल अशी भीती नको: स्पीकरची खोली १३५ मिमीच्या आसपास असते, आत २३० आहेत. फळीच्या कडेला ८ नंबरचे स्क्रू दर १०० ते १२० मिमीवर, म्हणजे सोळाच्या आसपास लागतात. चार कोपऱ्यांना चार स्क्रू मारून भागत नाही. फळी आणि ती ज्यांवर बसते त्या कडेच्या पट्ट्यांच्या मध्ये ३ मिमी इव्हा टेप लावा. साधा मऊ स्पंज नको, तो महिनाभरात पापडासारखा चेपतो.

स्क्रू फिरतोय पण धरत नसेल तर आणखी जाड स्क्रू घालू नका. भोकात फेविकॉल लावलेल्या बांबूच्या काड्या ठासून भरा, चोवीस तास वाळू द्या, कापून सपाट करा आणि ३ मिमीचं नवं भोक पाडा.

ऋतूचाही यात हात असतो. पुण्यात एप्रिल-मेमध्ये हवा कोरडी ठणठणीत असते, आणि जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत ओल. आतल्या लाकडी पट्ट्या रेषांच्या आडव्या दिशेने फुगतात, प्लायची जाडी किंचित वाढते. स्क्रूचं डोकं जागचं हलत नाही, मग त्याच्याखालचे लाकडाचे तंतू चिरडले जातात. ऑक्टोबरात लाकूड वाळून आक्रसतं, चिरडलेले तंतू काही पुन्हा फुगत नाहीत, आणि जुलैत गच्च असलेला स्क्रू दिवाळीत सैल निघतो. त्यात बाहेरून रेग्झिन आणि आतून कोरा प्लाय असेल तर पाणी एकाच अंगाने शिरतं आणि फळी बाकदार होते. म्हणून आतली बाजू, सगळ्या कापलेल्या कडा आणि स्पीकरच्या भोकाचा काठ यांना सँडिंग सीलरचे दोन हात हवेतच. हे काम सगळे टाळतात, कारण ते कोणाला दिसत नाही.

प्लाय घेतानाच थोडं जपलं तर यातला बराच त्रास टळतो. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये 'वॉटरप्रूफ' एवढंच म्हणून मागू नका. शीटवर आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघा. आयएस ३०३ चा एमआर, म्हणजे थोडीच ओल सोसणारा, प्लाय स्वस्त पडतो आणि कोरड्या फर्निचरला चालतो, पण इथे ओल आणि हादरे दोन्ही आहेत. शीटची कड बोटाने चाचपा, आतल्या थरांत पोकळ्या दिसल्या तर दुसरी शीट मागा. मधोमध बोटांच्या पेरांनी ठोकत जा: भरीव जागी 'ठक' येतो, पोकळीवर 'ढब'. पोकळीतली सुटी काडी पुढे नेमक्या एका सुरावर तडतडते. असं झालेलं असेल तर पाइपने जागा शोधून आतल्या बाजूने २-३ मिमीचं भोक पाडा आणि सिरिंजने फेविकॉल भरा. १८ ची म्हणून मिळणारी शीट वर्नियरवर सतरा-साडेसतरा भरते, म्हणून खाचा कापायच्या आधी मोजा. मापं मार्केटातच मशीनवर कापून घ्या आणि घरी येऊन गुण्या लावून तपासा.

बाकीचे छोटे गुन्हेगार

स्प्रिंगचं बाजूचं हँडल: आत फोमचा तुकडा. जॅकची पत्री: खाली गास्केट. जाळीची चौकट वेल्क्रोवर असेल तर चारही कडांना फोम टेप, आणि पावसाळ्यात सैल पडलेलं कापड पुन्हा ताणून घ्या. आतली वायर फळीवर आपटत असेल तर क्लिपने बांधा. रबरी पायांचे स्क्रू बघा. बंद पाठीच्या कॅबिनेटमध्ये 'फुस्स' ऐकू आलं तर ५० हर्ट्‌झचा टोन लावून सांध्यांजवळून उदबत्ती फिरवा. जिथे धूर थरथरतो तिथे हवा निसटतेय.

स्पीकरवरची एक जागा मात्र नीट बघा: टर्मिनलपासून कोनला, म्हणजे पुढच्या कागदी शंकूला, जाणाऱ्या दोन बारीक विणलेल्या तारा. त्या फार लांब राहिल्या असतील तर जोरात वाजवताना कोनच्या पाठीवर सपसपतात. लाकडी काडीने त्यांना कोनपासून दूर, एकसारखी कमान द्या. ओढू नका, चिमटा लावू नका.

अँपमधून येणारं भूतही कधी खरखर समजलं जातं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे पॉवर सप्लायची गुरगुर १०० हर्ट्‌झवर येते. ते १०० अगदी जी आणि जी शार्पच्या मध्ये पडतात. जुन्या ट्यूब अँपचे फिल्टर कपॅसिटर दमले की वाजवलेल्या सुरामागे एक बेसूर सावली ऐकू येते. अमेरिकेतले व्हिडिओ ६० आणि १२० म्हणतात, तो आकडा इथे शोधू नका. खात्री करायला तोच अँप दुसऱ्या कॅबिनेटला लावा. सावली सोबत आली तर कॅबिनेट निर्दोष. मात्र ट्यूब अँप चालू असताना वायर काढायची नाही, आधी अँप बंद करायचा.

वायरिंगमध्ये चूक व्हायला फारशी जागा नाही. आत १.५ चौरस मिमीची साधी दोन वायर, जॅक मोनो. बाहेरची लीड स्पीकरचीच हवी, गिटारची शील्ड असलेली नको. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ दाखवतो, १६ चा १२-१३. तो दोष नाही. दीड व्होल्टच्या सेलचा प्लस लाल टर्मिनलला क्षणभर टेकवला की कोन पुढे यायला हवा. दोन स्पीकर असतील तर ही चाचणी टाळू नका, नाहीतर एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो आणि खालचा आवाज नाहीसा होतो.

आता स्पीकर मोकळा करणं

खरखर पूर्ण गेल्यावरच इकडे या. कोनच्या मागे, कॉइलच्या गळ्याभोवती राळ लावून कडक केलेली वळ्यावळ्यांची कापडी चकती असते, तिला स्पायडर म्हणतात. ती आणि कोनच्या कडेच्या वळ्या वाकून-वाकून सैलावतात. त्याने रेझोनन्स, म्हणजे कोन आपणहून सगळ्यात सहज हलतो तो सूर, काही हर्ट्‌झ खाली येतो, पाम म्यूटला अंग येतं आणि वरची बोच थोडी उतरते. सेलेशनच्याच ग्रीनबॅक आणि व्हिंटेज ३० दोन्हींचा छापील रेझोनन्स ७५ हर्ट्‌झ आहे, मोकळ्या ई तारेच्या अगदी शेजारी, म्हणून हा फरक गिटारवर जाणवतो. बदलाचा मोठा भाग पहिल्या काही तासांत होऊन जातो. वीस तासांनंतरही स्वर आवडत नसेल तर तो स्पीकर तुमच्यासाठी नाही, हे मान्य करा.

साधी रीत: अँप क्लीन, बेस आणि मिड वर, नेक पिकअप, भरघोस मोकळे कॉर्ड आणि पाम म्यूट. स्पीकरच्या छापील वॉटच्या निम्म्यापर्यंतच जा. अर्धा तास वाजवा, दहा मिनिटं थांबा, असं चार-पाच वेळा. डिस्टॉर्शन लावून हे करू नका. त्यात कोन कमी हलतो आणि कॉइल जास्त तापते.

सोसायटीत हे जमत नाही. व्हिंटेज ३० एका वॉटवर एका मीटर अंतरावर १०० डेसिबल देतो, आणि निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. त्यासाठी दुसरी रीत. बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत ६-०-६ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर मिळतो. मधली वायर आणि कडेची एक, अशा दोन वायरी ८ ओहमच्या स्पीकरला जोडल्या की ६ व्होल्टवर साडेचार वॉट जातात. ५० हर्ट्‌झ रेझोनन्सच्या खाली असल्याने कोन चांगला हलतो आणि आवाज फक्त मंद घुमतो. कॅबिनेटची पाठ काढून ठेवा, पुढून गोधडी टांगा, ती कोनला टेकू देऊ नका. अर्ध्या-अर्ध्या तासाने थांबत दोन तास पुरतात. २३० व्होल्टच्या बाजूचे सांधे डब्यात बंद हवेत. ट्रान्सफॉर्मरऐवजी व्होल्ट कमी-जास्त करायचा व्हेरिअ‍ॅक वापरायचा विचारही करू नका: साधा व्हेरिअ‍ॅक मेन्सपासून वेगळा नसतो, स्पीकरच्या टर्मिनलवर थेट विजेचा धक्का बसू शकतो. १६ ओहमच्या स्पीकरला हाच ट्रान्सफॉर्मर सव्वादोन वॉट देतो, तिथे वेळ दुप्पट करा.

हे झाल्यावर गास्केट थोडं बसलेलं असतं. बोल्ट तपासा, सैल असेल त्यालाच पाव फेरा द्या आणि ६० ते ५०० चा टोन पुन्हा एकदा फिरवा. मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या फ्रेमपर्यंत नेलपॉलिशची एक रेघ ओढा, मागच्या फळीच्या स्क्रूंनाही. पुढे कधी खरखर आली तर आधी या रेघा बघा. एखादी तुटून सरकलेली असेल तर तोच स्क्रू. सगळ्या सलग असतील तर पाना खाली ठेवा आणि पाइप घ्या.